खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचलं नाही. पोलादी नळकांड्यात, काचेच्या नळीआड माझं घर. नळीभोवतीनं पाणी वाहतं आणि माझे अतिनील किरण त्यातले रोगाचे जंतू मारतात.

सेनगावजवळ प्रभूचं पॉलिहाऊस होतं. पुण्याची नोकरी सोडून तो आईसाठी गावी परतला होता. आमच्याकडे पाणी तोळ्यानं मोजावं असं. म्हणून ढोबळी मिरचीच्या कुंड्यांतून झिरपलेलं पाणी टाकीत जमायचं, माझ्याकडून शुद्ध व्हायचं आणि पुन्हा झाडांना मिळायचं. कोपऱ्यातल्या ओळीत अधूनमधून मूळकूज डोकं वर काढायची. ती पाण्यातून पसरू न देणं हे माझं काम. तीन वर्षं मी ते चोख केलं, हे स्वतःच सांगतो.

प्रभूची आई पंचफुलाबाई माझ्यावर फार माया करत. बोअरच्या क्षाराचं पुट नळीवर चढलं की माझा उजेड अडतो. दर आठवड्याला प्रभू मोटर थांबवायचा आणि त्या माझं बटण बंद करून नळी लिंबाच्या रसानं पुसायच्या. "ह्याच्यामुळंच माहं लेकरू घरी हाय," असं शेजारणीला सांगायच्या. ते ऐकून मला लाजल्यासारखं व्हायचं.

मग खंडेनवमी आली. प्रभू मिरची घेऊन हिंगोलीला गेला होता. पंचफुलाबाईंनी विळा, खुरपं, फवारणीचा पंप सारं धुऊन पूजलं. मलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

"रोज राबून राहिलास बाबा. आज हत्याराला इसावा, तूबी निज," म्हणाल्या आणि बटण बंद करून गेल्या.

मोटर घड्याळावर आपोआप चालते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दिवसभर रोगट पाणी माझ्यासमोरून झाडाझाडाकडे गेलं. मी नुसता पडून होतो. मला एकदा तरी ओरडता आलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी प्रभू परतला. त्यानं बंद बटण पाहिलं, माझ्या अंगावरचं कुंकू पाहिलं आणि माझं बटण पुन्हा चालू केलं. पंधरा दिवसांत सगळ्या झाडांनी माना टाकल्या.

"काहून मेली रं झाडं? माहीच नजर लागली का?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"न्हाई माय. तुह्यानं काय व्हतंय? रोगच तसा व्हता."

एवढं बोलून तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. आईला त्याचे डोळे दिसले नाहीत, मला दिसले.

दिवाळीनंतर प्रभू पुण्याला गेला. पॉलिहाऊस ओस पडलं. पंचफुलाबाई अजून दर आठवड्याला येतात, लिंबू पिळून माझी कोरडी नळी पुसतात. "पोरगं आलं की चालू करू," म्हणतात.

मित्रांनो, पाणी फिरत असेल तोवर माझ्यासारख्याला विसावा देऊ नका. पूजा करा, पण दिवा विझवू नका. हे सगळ्यांना सांगा. फक्त कधी सेनगावकडे आलात आणि एखादी म्हातारी लिंबू घेऊन माझी काच पुसताना दिसली, तर तिला मात्र सांगू नका.