रांजणाच्या तळाशी तीन बाटल्या

मित्रांनो, मी चोपड्याजवळच्या एका गावातला जुना रांजण आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या पोटात येणारा-जाणारा हात घालतो, त्याचा स्वभाव दुसरा कसा होणार?

तोताराम कुंभारानं मला घडवलं, भाजलं आणि बोटानं वाजवून वाजवून पाहिलं. त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता. झुलाल आबांनी मला बैलगाडीतून घरी आणलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात अर्धं पुरलं. केळीच्या बागेतून आलेली माणसं माझं पाणी पिऊन समाधानानं डोळे मिटायची. पुढे आबा गेले, घरात फ्रिज आला आणि माझी किंमत उतरली.

आबांचा मुलगा भूषण तेव्हा दारूच्या नादी लागला होता. त्याचे पव्वे तो माझ्या तळाशी लपवायचा. मला सगळं कळत होतं, पण बोलता कुठे येत होतं? एक दिवस त्याच्या बायकोच्या, पुनमच्या हाताला पव्वा लागला आणि ती माहेरी निघून गेली. भूषणनं पिणं सोडलं, तेव्हाच ती परत आली. या गोष्टीला दोन वर्षं झाली. पण तरीही तो बाहेरून आला की पुनम पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्तानं त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भूषणची बहीण दिपमाला माहेरी आली. ती नाशिकच्या एका हॉटेलात काम करते. तिनं फ्रिजमध्ये पिवळ्या चीजची वडी ठेवली. तिच्या आईला, तानुबाईंना, ती कपड्याच्या साबणाची वाटली आणि त्यांनी ती उचलून मोरीत ठेवली; दिपमालानं ती परत आणली. मला मात्र वेगळीच काळजी होती. आल्याच संध्याकाळी ओट्यावर कुणी नाही असं पाहून दिपमालानं माझ्या तळाशी तीन बाटल्या सोडल्या. मी लगेच ओळखलं, या भूषणच्याच. बहिणीकडून मागवून घेतल्या असणार!

आखाजीच्या सकाळी तानुबाई पितरांची घागर भरायला माझ्याकडे आल्या. दिपमाला मैत्रिणींबरोबर निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणायला गेली होती. तानुबाईंचा तांब्या काचेवर वाजला. त्यांनी बाह्या सारल्या आणि एकेक करून तिन्ही बाटल्या ओट्यावर मांडल्या.

"भूषण, ह्या बाटल्या कोन्या शेतस?" कुणाच्या ते त्यांनी दरडावून विचारलं.

"मन्या नहीत, माय."

"मंग आपसूक उन्यात का?"

भूषणनं पुनमकडे पाहिलं. आत जाऊन तिनं पिशवीत साड्या भरायला घेतल्या. भूषण उंबऱ्यात उभा राहिला. "पुनम, आबांची शपथ, मी हात बी लाया नही," तो म्हणाला. खरं सांगतो, मलाही ते नाटकी वाटलं.

तेवढ्यात दिपमाला परत आली. बाटल्या पाहून ती जागीच थबकली. "माय, त्या मन्या शेतस," ती म्हणाली. हॉटेलात आंब्याच्या मोसमातल्या खास पंगतीसाठी खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि चीज ठेवायचं ठरलं होतं. त्यांच्यासोबत कोणती वाइन द्यायची, हे निवडायचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. खरी चव आईच्या पुरणपोळीबरोबरच कळेल, म्हणून ती बाटल्या इथे घेऊन आली होती, आणि ही वाइन गार ठेवावी लागते म्हणून माझ्या पोटात ठेवल्या होत्या.

"काबरं लपाडी ठेव्यात?" तानुबाईंनी विचारलं.

"तू घरमा ठेवू देती का?"

दारूच्या बाटल्या बुडालेलं माझं पाणी तानुबाईंनी पितरांसाठी घेतलं नाही. घागर शेजारच्या विहिरीवरून भरून आली आणि मला फार अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दिपमाला बाटल्या फेकून द्यायला निघाली. भूषणनंच तिला अडवलं. "तुनं काम शे, कर," म्हणत तो ओट्यावर बसला आणि पुरणपोळीचे तुकडे करून तिला देऊ लागला. लाल वाइन पुरणासमोर चिंचेच्या पाण्यासारखी आंबट झाली. वाइन पदार्थापेक्षा गोड नसली की असंच होतं, असं दिपमाला म्हणाली. बुडबुड्यांची वाइन आमरसाशी जमली, पण चीजबरोबर पाणचट लागली. तिसरी होती वेलीवरच सुरकुतलेल्या द्राक्षांची. तानुबाईंनी दुरूनच तिचा वास घेतला आणि मनुकांसारखा येतो म्हणाल्या. तीच पुरणालाही पुरून उरली आणि खारट चीजलाही. दिपमालाची निवड झाली, पण पुनमची नजर सारा वेळ नवऱ्याच्या हातांवर होती. त्यानं घोट काय, बोटसुद्धा ओलं केलं नाही.

दिपमाला नाशिकला गेली, तरी एकदा फसलेल्या पुनमची पिशवी खाटेखाली भरलेलीच राहिली. रोज सकाळी पाणी घेताना पुनम हात पार तळापर्यंत घालायची. भूषण दातण करता करता ते पाहायचा आणि मान खाली घालून बागेत जायचा. हळूहळू तो घरात बोलेनासा झाला. जेवणही त्याचं कमी झालं. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या संशयाची लाज वाटली.

एके सकाळी पुनमचा हात माझ्या तळाशी असतानाच भूषण बादली घेऊन आला. त्यानं मला पूर्ण उपसलं, तळातला गाळ खरवडला आणि बाजूला झाला.

"दखी ले," तो तळाकडे बोट करत म्हणाला. "रोज दखाडसू. पन एकदा माले इचार तं खरं."

पुनमनं माझ्या कोरड्या तळाकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला आणि विहिरीवरून पाणी आणून मला काठोकाठ भरलं. पहिला तांब्या तिनं भूषणच्या हातात दिला. तो प्यायला, आणि ती त्याच्या तोंडाजवळ न जाताच पिशवी रिकामी करायला आत गेली.

मित्रांनो, मला अधूनमधून उपसून घासत जा आणि झाकण ठेवत जा, एवढंच माझं मागणं आहे. आणि घरातल्या कुणाचा संशय आलाच, तर माझा तळ चाचपण्याआधी त्याला विचारा. त्या सकाळपासून पुनमचा हात माझ्या पोटात फक्त पाण्यापुरता येतो.