गुजरीचं कुलूप

आमच्या गावची नवी गुजरी, म्हणजे भाजीबाजार, बांधून तयार आहे. उंच छत, फरशीचे ओटे, वर पंखे, कोपऱ्यात पाण्याचा नळ. अकोला जिल्ह्यात अशी दुसरी नाही म्हणतात. असेल. आम्ही भाजीवाले तिच्या कुलपासमोर, रस्त्याच्या कडेला बसतो.

जुनी गुजरी पाडली तेव्हा नगरपालिकेचे लोक चारच महिने कळ काढा म्हणाले होते. इमारत झाली, चिठ्ठ्या टाकून ओटेही वाटले. मग उद्घाटनाला मंत्री हवा म्हणून थांबले, तर लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली, तर कोनशिलेवर आधी नाव कोणाचं यावरून मंत्री आणि आमदार रुसले. रुसवा निघेस्तोवर विधानसभा आली. मग नवे लोक, नवी कोनशिला आणि रुसवा मात्र जुनाच. एवढ्यात मे महिना येऊन ठेपला.

त्या मे महिन्यात माझ्या शेजारी बसणारा भगवंत वांगी तोलता तोलता कोसळला. ऊन लागलं होतं. जीव वाचला, पण डावं अंग गेलं आणि जीभ जड झाली. घरी त्याच्याजवळ कोणी नाही, म्हणून त्याची बायको शकुन त्याला रोज हातगाडीवर भाजीसोबत आणते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, आणखी एक उन्हाळा उघड्यावर काढला तर माणूस हातचा जाईल. तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला, उन्हाळ्याआधी ओटा मिळाला पाहिजे.

मग नगरपालिकेची निवडणूक लागली. गेल्या वेळचे नगरसेवक किशोरभाऊ आमच्यापुढे हात जोडून उभे राहिले. एरवी हा माणूस गाडीची काचही खाली करत नाही.

शकुन म्हणाली, "भाऊ, कुलूप कवा उघडता ते सांगा."

"निकाल लागला का दुसऱ्याच दिवशी, काकू. शब्द देतो."

"उद्घाटन मागून करा. चाबी देऊन द्या ना आता."

"आचारसंहिता हाये ना, काकू."

ते गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, याले मत देऊन काही होत नाही."

"मंग काय करू, भाऊजी? दुसरं काय हाये मायाजवळ?"

मतदानाच्या दिवशी तिनं भगवंताला हातगाडीवरून केंद्रावर नेलं.

त्याच संध्याकाळी गुजरीचं कुलूप उघडलं. आत दिवे लागले, पंखे फिरू लागले. शकुन सतरंजी काखेत मारून धावली. दाराशी पोलीस उभा होता. आत ओट्यांवर मतदान यंत्रांच्या पेट्या ओळीनं मांडत होते. मोजणी होईपर्यंत त्यांचा मुक्काम तिथंच होता.

मोजणी कोर्टानं पुढं ढकलली. सुरक्षेसाठी आम्हाला तिथून उठवून नाल्यापलीकडे बसवलं. तिकडे एक झाड नाही आणि गिऱ्हाईक तर त्याहून नाही. शकुननं पोलिसाला विनवलं, "साहेब, आमच्या दोघायचं मत आत हाये. त्याच्या बाजूले याले निसतं टेकू द्या." पोलीस भला होता. नाही म्हणताना त्यानं खाली पाहिलं.

शेवटी निकाल लागला. किशोरभाऊ निवडून आले. शकुन दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेली, मीही सोबत गेलो. भाऊंच्या कानातला गुलाल अजून निघाला नव्हता.

"काकू, जरा अडचण हाये," ते म्हणाले. "जिल्हा परिषदेच्या मशिनीबी तिथंच ठेवाच्या हायेत. कलेक्टर साहेबायले जागा लय आवडली. पुढच्या निवडणुकाबी तिथूनच होतीन म्हणते."

"मंग आमी?"

"पाहू ना."

शकुन पदर खोचून उठली. मला मात्र त्या माणसाच्या तोंडात माती घालावीशी वाटली, पण मीही तिच्या मागं निघालो. आम्ही नाल्यापलीकडे परतलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. भगवंतानं वाकड्या तोंडानं विचारलं, "कवा?"

शकुननं पदरानं त्याची लाळ पुसली.

"उद्या," ती म्हणाली.

त्याला ते खरं वाटलं. मला त्याच्याकडे पाहवेना.