तारप्याकडे पाठ नाही

नवशीने नवऱ्याची हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि दक्षाने त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. टोपीला भोकं होती. एकेका भोकातून दक्षा पिचकारीने चिकट मलम सोडत गेली. भादव्यात लकवा मारल्यापासून सुकऱ्या घराच्या आढ्याकडे बघत पडलेला असे. आज खाट अंगणात आणली होती, म्हणून आभाळाकडे बघत होता.

"दुखंल का त्याला?"

"नाही बा. गार लागेल थोडं."

दक्षा वापीची, गुजराती. आईच्या वयाच्या बाईला बा म्हणायची. मुंबईच्या एका संस्थेत ती मेंदूतल्या लहरींपासून संगीत काढण्याचं काम करत होती. सुकऱ्या गावाचा तारपेवाला. त्याचा भोपळ्याचा, फुंकून वाजवायचा तारपा कोणीतरी पूर्वी मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. त्यातले सूर तिने सुटे करून कॉम्प्युटरात भरले होते. आता सुकऱ्याने नुसतं मनात फुंकायचं, मनातच बोटं हलवायची. मशीन ते ओळखणार, स्पीकरमधून तारपा वाजणार आणि पाहुण्यांसमोर गाव त्यावर नाचणार. हे ऐकून उधवा गावात कोणी तोंडात बोट घातलं नाही. मनात आणलं की काय काय होतं ते भगत फार वर्षं सांगत आले होते. त्यांना लॅपटॉप लागत नसे, एवढाच फरक.

नवशीचं लक्ष मलमाकडे नव्हतं, नळीकडे होतं. सुकऱ्याच्या नाकात नळी होती आणि त्यातून ती त्याला फडक्यातून गाळलेली पेज देई. मुलगा मनिष उंबरगावला कंपनीत होता. दर सुट्टीला येऊन बापाला कुशीवर वळवायचा, पाठीच्या जखमा धुवायचा. असाच हात धुता धुता तो आईला म्हणाला होता, की आत आता कोणी नाही, डॉक्टरही तेच म्हणतात, नळी काढू. नवशीने सांगितलं, मशीनवाल्यांना येऊ दे. वाजलं तर नळी राहील. आणि नाही वाजलं तर, असं मनिषने विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत राहिली होती.

अडचण निघाली ती भलतीच. नाचात तारपेवाला मध्ये, हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती, आणि नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही. दक्षाने स्पीकर ठेवला होता ओट्यावर. साखळीच्या पुढे काठी घेऊन नाचणारा सुदाम खाकरला.

"म्याडम, पाठ कोणाकडं नाय करायची? सुकऱ्याकडं, का त्या डब्याकडं?"

प्रश्न शास्त्रीय असल्यामुळे संस्थेच्या अध्यक्षांनी तो स्वतःकडे घेतला. तारपा हा मुळात माणसाच्या आतच असतो, असं ते बराच वेळ म्हणाले. त्यांच्या कुडत्यावर वारली नाच छापलेला होता. शिवताना त्यातला तारपेवाला काखेत गेला होता. ते थांबल्यावर सुदामने स्पीकर उचलून खाटेखाली सरकवला. प्रश्न मिटला.

आधी वासरू हंबरावं तसा एक आवाज आला. मग गप्प. मग दोन सूर, अडखळत. आणि मग सुकऱ्याची ती संथ चाल, जी तो भात पिकायला लागलं की वाजवायचा. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले. सुदामच्या काठीचा ठेका जमिनीवर पडला आणि साखळी फिरू लागली. पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. मनिष ओट्यावर खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

नवशीने त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.

ऊन चढलं. सुकऱ्याच्या कपाळावरून मलम आणि घाम मिळून ओघळ डोळ्यात उतरला. त्याची पापणी हलली नाही. नवशीने टोपीचा पट्टा सोडला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पदराने त्याचा डोळा पुसला.

तारपा वाजतच होता.

तिने खाटेखाली बघितलं, मग मांडीवरच्या टोपीकडे. दक्षा लॅपटॉप उचलून तिच्याजवळ येऊन बसली.

"सिग्नल तुटला तर ते आपोआप पुढे वाजवतं, बा," ती हळू म्हणाली. "कार्यक्रम पडू नये म्हणून."

"कधी तुटला?"

दक्षा पडद्यावर काही शोधत राहिली.

"सुरुवातीचे दोन सूर त्यांचे होते," ती म्हणाली. "बहुतेक."

नवशीने मान वर केली. तारप्याकडे पाठ करायची नाही, त्यामुळे साखळीतलं प्रत्येक तोंड खाटेकडेच होतं. सुदामची काठी एकदा उशिरा पडली. पुढची वेळेवर पडली. कोणी कोणाच्या कमरेवरचा हात काढला नाही.

नवशीने टोपी पुन्हा सुकऱ्याच्या डोक्यावर घातली, कानावरून खाली ओढली आणि पट्टा घट्ट केला. दक्षा तारपा थांबवायला लॅपटॉपकडे वळली, तेव्हा नवशीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

मनिष ओट्यावरून उतरला होता. तो खाटेपाशी आला, वाकला. बापाच्या नाकावर नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी घामाने सुटत आली होती. ती त्याने अंगठ्याने दाबून बसवली. आईकडे न बघता तो तसाच उभा राहिला आणि साखळीचं शेवटचं टोक समोर आलं तसा नाचात शिरला.