कुणीच न दिलेला हुकूम

मित्रांनो, इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्या छताखाली दोन रूळ टाकले आहेत आणि त्या रुळांवरून मी चालते. मी एक जुनी क्रेन आहे. पाच टनांचे वजन मी सहज उचलते. माझ्या पोटाखालून पोलादी दोर सुटतो, दोराला हूक आहे, आणि माझ्या अंगावरून एक लांब केबल खाली लोंबते. केबलच्या टोकाला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, बटणांची एक पेटी आहे. कामगार तिला पेंडंट म्हणतात. पेंडंट ज्याच्या हातात असेल त्याचे मी ऐकते. वर म्हटले की वर, खाली म्हटले की खाली. मला स्वतःची इच्छा नाही असे सगळे धरून चालतात, आणि ते खरेच आहे. म्हणून तर मला आजही भीती वाटते. कारण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, कुणीही बटण दाबलेले नसताना, मी हलू लागले.

माझा जन्म सांगलीच्या एका कारखान्यात झाला. मला तिथून पाठवण्याआधी माझ्या हुकाला सव्वासहा टनांचे ठोकळे टांगले आणि एक साहेब पोटावर सरकत माझी कंबर किती वाकते ते मोजत बसले. मी फारशी वाकले नाही. मग ट्रेलरवर चढवून मला आष्ट्याच्या रस्त्याने इकडे आणले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी दोन तास अडकली होती. शेडचे मालक आप्पासो यांनी माझ्या हुकावर नारळ फोडला आणि पेंडंट तीस वर्षांच्या एका माणसाच्या हातात दिले. कडेगाव तालुक्यातला तो माणूस म्हणजे गुंडा. पुढे सगळे त्याला गुंडामामा म्हणू लागले.

गुंडामामाची पद्धत ठरलेली होती. वजन आधी वीतभरच उचलायचे आणि थांबायचे. पट्टे नीट बसलेत का ते चारही बाजूंनी बघायचे. मग घसा ताणून ओरडायचे, "खालनं सरका रं, सरका!" कुणी हसत उभा राहिला तर मामा काम थांबवत, पण त्याच्या डोक्यावरून वजन नेत नसत. चोवीस वर्षे आम्ही दोघांनी साखर कारखान्यांची रसाची पिंपे उचलली, गुऱ्हाळाच्या कढया उचलल्या, एकदा विहिरीतले दगड-माती वर ओढणारी अख्खी यारी उचलली. आलेल्या पाहुण्याला आप्पासो अभिमानाने सांगत, "ह्या क्रेनखाली आजवर कुणाला खरचटलं सुदिक न्हाई."

मग आप्पासो थकले आणि त्यांचे चिरंजीव वीरधवल कारभार बघू लागले. त्यांना नवे काम मिळाले, दूध संघांसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या. असले पातळ, चकचकीत पत्रे जोडायला टिग वेल्डिंगचे नवे यंत्र आले. ते चालवायला तासगावची सोनम आली. आयटीआय शिकलेली, चोवीस वर्षांची, आणि शिवण अशी घालायची की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. टाकीचे झाकण बशीसारखे फुगीर असते, म्हणून त्याला डिश म्हणतात. मी डिश टाकीवर धरून ठेवायची आणि सोनमने तिला चार ठिकाणी टाके मारायचे, असे ठरले.

त्याच महिन्यात माझ्या पोटातही बदल झाला. पूर्वी तिथे तांब्याच्या जाड पट्ट्यांचे स्विच होते. बटण दाबले की ते खट्ट करून मिटत. त्यांना हलवायला चांगला जोर लागे. ते काढून तिथे इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली, जिला ड्राइव्ह म्हणतात. तिच्यामुळे माझी चाल मऊ झाली, धक्के बंद झाले. मीही खूश होते. पण ड्राइव्हला हुकूम समजायला जोर लागत नसे. कुजबुज पुरे होई. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

पहिल्यांदा घडले ते चैत्रातल्या एका सकाळी. हूक रिकामा होता. मामा पेंडंट सोडून तंबाखू मळत होते. अचानक माझ्या तारांमध्ये काहीतरी कडकडले. वाळक्या काटक्या एकदम मोडाव्यात तसे. आणि त्या कडकडाटात मला ऐकू आले, 'खाली.' मी हूक खाली सोडला. वीतभरच. मामांनी वर पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

ते कुणाला काही बोलले नाहीत. मीही बोलू शकत नव्हते.

पुढच्या पंधरवड्यात तसे पाच वेळा झाले. एकदा मी डावीकडे सरकले. एकदा दीड टनाचा पत्रा लटकलेला असताना मला झटका बसला आणि पत्रा शेडभर झोके घेऊ लागला. सगळे पळाले. कुणी म्हणाले, क्रेनला झपाटलंय. वीरधवलांना ते पटले नाही. त्यांना वाटले, मामांचा हात आता थरथरतो. त्यांनी मामांना डोळे तपासून यायला लावले. डोळ्यांत काही दोष निघाला नाही, तरी शंका गेली नाही. कामगार मामांच्या पाठीमागे एकमेकांना खुणा करू लागले.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. दर सकाळी मुख्य स्विच चढला की मला धडकी भरे. आज माझ्या हुकाला काय टांगतील? खाली कोण असेल? कडकडाट कधी येईल ते मला आधी कळत नसे. आला की तो आणि मामांचा खरा हुकूम यांतला फरक मला ओळखता येत नसे. आणखी एक त्रास होता. कधीकधी माझा दोर आतून गरम होई. उचललेल्या वजनामुळे नव्हे, दुसऱ्याच कशाने तरी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मामा डबा न उघडता माझ्याखाली, जरा बाजूला, येऊन उभे राहिले. वर बघत हळू आवाजात म्हणाले, "गड्या, खरं सांग. तू केलंस, का मी केलं? रातीला झोप न्हाई मला. माझंच बोट मला न इचारता दाबतंय का काय, असं वाटाय लागलंय."

मला ओरडून सांगावेसे वाटले, मामा, तुम्ही नव्हता. पण मग कोण होते, ते मलाही माहीत नव्हते.

आणि मग तो बुधवार आला. सकाळचे अकरा वाजले होते. सोनम शिडीवर उभी होती. चारशे किलोंची डिश मी टाकीच्या काठावर, बोटभर वर धरली होती. डावा हात काठावर टेकवून, फट बघत सोनमने वेल्डिंगची ठिणगी पाडायचा टॉर्च जवळ नेला. मामांनी पेंडंट सोडून दोन्ही हात बाजूला घेतले होते. हल्ली ते नेहमी असेच करत, सगळ्यांना दिसावे म्हणून.

सोनमने टॉर्चचे बटण दाबले. कडकडाट झाला. 'खाली!'

मी गेले खाली. मला जायचे नव्हते. डिश तिरकी झाली, तिची कड काठावर आली आणि सोनमची किंकाळी पत्र्यावर आदळली. मामांनी झेप घेऊन पेंडंटचे लाल गोल बटण ठोकले. ते बटण माझी वीजच तोडते, त्याला कुठल्या पेटीला विचारावे लागत नाही. मी जागच्या जागी थिजले. चार जणांनी पहारी घालून डिश उचलून धरली. सोनमने हात ओढून घेतला. हातमोजा फाटला होता आणि करंगळीशेजारचे बोट रक्ताने भरले होते.

बोट वाचले. पण सोनम दवाखान्यातून परत येईपर्यंत इकडे निकाल लागला होता. वीरधवल मामांसमोर येऊन उभे राहिले.

"मामा, उद्यापासनं येऊ नगा," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल राग न्हाई. पण पोरीचा हात गेला असता."

मामांनी मान डोलावली. "व्हय दादा. मलाबी आता माझा भरवसा न्हाई."

तेवढ्यात पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सोनम दारातून आत आली. "दादा, मामांचा हात पेंडंटवर न्हवताच. मी बघितलंय."

"मग कुणाचा हुता?"

 सोनम खाली बघत म्हणाली, "माझा. म्हंजी टॉर्चवर. मी बटन दाबलं की क्रेन हालती. आजच न्हाई, मागं दोनदा बी झालंय तसं. माझ्या ध्यानात आलं हुतं. पण माझ्यावरच येईल म्हणून मी भ्याले. समदी मामांस्नी बोलत हुती तवा बी गप ऱ्हायले."

 मला पहिल्यांदाच कळले की ह्या शेडमध्ये मामांखेरीज माझ्याइतके घाबरलेले आणखी एक माणूस होते.

वीरधवलांनी दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी मॅडमना बोलावून घेतले. त्या एका साखर कारखान्यात विजेची देखभाल बघत. गाळप संपले होते, म्हणून त्यांना सवड होती. त्यांनी येताना खिशात मावणारा एक जुना रेडिओ आणला होता. हुकावर काही ठेवू दिले नाही. सगळ्यांना दूर भिंतीशी उभे केले.

"मामा, तुम्ही दोन्ही हात डोक्यावर ठेवा. सोनम, भंगारातल्या तुकड्यावर ठिणगी पाड. हाताला झेपेल ना?"

"झेपंल मॅडम. उजवा हात बरा हाय."

मॅडमनी रेडिओ माझ्या केबलजवळ धरला. सोनमने बटण दाबले. रेडिओ कर्रर्र करून किंचाळला आणि त्याच क्षणी माझा हूक, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणीही हात न लावता, हातभर खाली आला.

एक जण "आई गं" म्हणाला. मामांनी डोक्यावरचे हात काढलेच नाहीत. तसेच ते खाली बसले आणि रडू लागले.

मॅडमनी समजावून सांगितले तेव्हा मीही कान देऊन ऐकले. टिगचे यंत्र ठिणगी पेटवायला क्षणभर फार वेगाने थरथरणारी वीज सोडते. ती थरथर केबलमधून आकाशवाणीसारखी चहूकडे पसरते. वेल्डिंगची केबल आणि माझ्या पेंडंटची केबल जागा वाचवायला एकाच खांबाला एकत्र बांधल्या होत्या. एकीची थरथर दुसरीत उतरे आणि ड्राइव्हला वाटे, मामांनी बटण दाबले.

मग त्या खाली वाकल्या. "वेल्डिंगचा करंट यंत्रात परत नेणारा हा अर्थिंगचा चिमटा टाकीला का नाही लावला?"

"तिथवर केबल पुरत न्हाई," कुणीतरी म्हणाले. "शेडच्या खांबाला लावतो. लोखंड ते लोखंडच की."

"मग वेल्डिंगचा करंट परत कुठून जात होता? क्रेनच्या दोरातून, रुळांवरून, खांबात. अजून वर्षभर असंच चाललं असतं तर दोर आतल्या आत जळून तुटला असता."

माझा दोर का गरम होतो ते मला त्या दिवशी कळले. आणि जे घडले नाही, त्याची भीती मला जे घडले त्याहून जास्त वाटली.

चार दिवस काम बंद ठेवून दुरुस्ती चालली. चिमटा टाकीलाच, सांध्याच्या जवळ लावायचा ठरला. वेल्डिंगच्या दोन्ही केबली आखूड केल्या आणि शेजारी शेजारी बांधून जमिनीवरून नेल्या. माझी केबल पार समोरच्या भिंतीकडून घेतली. तीही नवी, तांब्याच्या जाळीचे चिलखत घातलेली. उन्हाळ्यात वेल्डिंगचे यंत्र तापते म्हणून त्याच्या बाजूचे, थरथर आत अडवणारे पत्रे काढून ठेवले होते, ते शोधून परत बसवले. अर्थिंगचा खड्डा कायम ओला लागतो, पण उकरला तर आत धूळ उडाली. किती वर्षे त्याला कुणी पाणी दाखवले नव्हते. ड्राइव्हच्या तारांवर नको ती थरथर गाळणारा एक फिल्टरही बसवला. आणि मॅडमनी शेवटी बजावले, "हे सगळं केलं तरी वजन लटकवून वेल्डिंग करायचं नाही. खाली स्टँड लावा. क्रेनने ठेवायचं आणि बाजूला व्हायचं."

मग पुन्हा परीक्षा झाली. सोनमने चाळीस वेळा ठिणगी पाडली. चाळीसही वेळा मी जीव मुठीत धरून होते. रेडिओ बारीक खरखरला. माझ्यापर्यंत काहीच आले नाही.

वीरधवल मामांजवळ गेले. "मामा, चुकलं माझं. आधी यंत्र बघायला पायजे हुतं, मी तुमचे डोळे बघत बसलो."

मामा म्हणाले, "आवं दादा, माझा मीच चोर ठरवला हुता मला. तुमाला काय बोलू?" पण पेंडंट घ्यायला ते तयार होईनात. "हात भ्यालाय माझा. दुसरा कुणीतरी बघा."

तेव्हा सोनमच पुढे आली. पट्टीतले बोट अजून सुजलेले होते. डिशपासून लांब, पण मामांना दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, उचला. तुमच्याबिगार दुसऱ्या कुणी उचललं तर मी टाके मारणार न्हाई."

मामांनी पेंडंट हातात घेतले. बोट कापत होते. ते कापणे बटणातून माझ्यापर्यंत आले, पण त्याच्या मागे एक माणूस होता, हे मला स्पष्ट कळत होते. मी वीतभर उचलले आणि थांबले. मामांनी चारही बाजूंनी बघितले. घसा खाकरला आणि ओरडले. आवाज फाटला, तरी ओरडले.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. पावसाळा आला की जाळीत पाणी शिरेल का, उन्हाळा आला की खड्डा वाळेल का, याची धास्ती मला असतेच. म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. एखादे यंत्र न सांगता काही करू लागले, तर लगेच माणसाच्या हातावर संशय घेऊ नका. त्याच्या तारा कुठून जातात ते बघा. आणि तुमच्या काही लक्षात आले असेल, तर सोनमसारखे तिसऱ्या वेळेपर्यंत थांबू नका.

सोनम ते आजही विसरलेली नाही. तिच्या त्या बोटाचे नख वाकडे उगवले. शेडमध्ये कुणीही नवे कामाला आले की ती आधी ते बोट त्याच्यासमोर धरते, आणि मग त्याच बोटाने खाली जमिनीवरच्या केबली दाखवते.