वांडाने सोडवलेला कॅमेरा

वांडा ह्रिनचुकशी वाद घालायची कॅनडातल्या आमच्या सॅस्काटूनच्या कचेरीत कुणाची छाती नव्हती. मॅनेजर व्हर्लिनने मात्र घातला.

उत्तरेतल्या दवाखान्यांत आम्ही कॅमेरे बसवत होतो. शहरातला डॉक्टर आपल्या कॉम्प्युटरवरून कॅमेऱ्याचा ताबा घेणार, पेशंट बघणार, काम झालं की ताबा सोडणार. एका वेळी एकच डॉक्टर. ताबा कुणाकडे आहे, हे आमचा सर्व्हर लक्षात ठेवणार.

"ज्याने घेतला तो सोडेल," व्हर्लिन म्हणाला. "शिकलेली माणसं आहेत."

"आणि त्याचा कॉम्प्युटरच मेला तर? मेलेला काय सोडणार, कपाळ!" वांडा कडाडली. "ताबा घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरने 'मी आहे, मी आहे' असं कळवत राहायचं. गप्प झाला, की सर्व्हरने ताबा परत घ्यायचा."

"नेट नुसतं अडखळलं तर? जिवंत डॉक्टरच्या हातून काढून घेशील?"

"म्हणून तर जरा वाट बघून घ्यायचा म्हणतेय ना, बाबा!"

बाई हटली नाही. ते काम पुरं करूनच निवृत्त झाली. जाताना मला दटावलं, "लायल, हे कुणाला काढू देऊ नकोस हं."

मार्चमधल्या वादळात माझी बहीण कोलेट उत्तरेतल्या अशाच एका दवाखान्यात बाळंतपणात अडली. बाळ पायाळू, विमान उडेना. हाताशी एकटी नर्स, आणि डॉक्टरीणबाई शहरातून कॅमेऱ्यात बघून तिला सांगत होत्या. तेवढ्यात बाईंच्या इमारतीची वीज गेली. दुसऱ्या डॉक्टरने कॅमेरा मागितला, तर उत्तर आलं: वापरात आहे. त्याने कचेरीत मला फोन केला. मी पडद्यासमोर बसलो, तर ताबा अजून बाईंच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्याच नावावर. सूट रे बाबा, सूट!

आणि सुटला. मी बोटही लावलं नव्हतं; जरा वाट बघून सर्व्हरनेच ताबा परत घेतला होता. दुसऱ्या डॉक्टरला चित्र दिसलं, तो नर्सला सांगू लागला.

संध्याकाळी मी वांडाला फोन लावला. "मुलगी झाली. खणखणीत रडतेय. कोलेटही बरी आहे. वांडा, तुझे उपकार..."

"अरे, रडतोस काय घोड्या!" ती खेकसली. "बरं, फोन ठेव आता. तू लावलास, तूच ठेवायचा."

मला ठेववेना. तीही ठेवीना.

"लायल? आहेस का?"

"आहे," मी म्हणालो. "आहे, वांडा."