सायराबीचा मंगळवार

तिसरी बांगडी अंगठ्यावरून सरकत होती, तेवढ्यात सायराबीचे दोन्ही हात खांद्यापासून उडाले आणि कट्‌कन काच फुटली.

"अगं बया! दर्शनाच्या आदीच वाढवली की गं!" नव्या नवरीने मनगट छातीशी धरलं. तिची सासू तर उभीच राहिली. "असली पोर बसवत्यात व्हय बांगड्या भराय?"

बेगमबीने लेकीला बाजूला सारलं आणि सासूची हजारदा माफी मागत नवरीचा हात स्वतःच्या हातात घेतला. तासाभराने सायराबी माळा ओवता ओवता बसल्या जागी कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा कुणीतरी तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं.

तामलवाडीच्या मनियाराची ही चौदा वर्षांची पोर. बाप खाजामियाँ सोलापूरच्या गिरणीत कामाला. दर मंगळवारी मायलेकी बांगड्यांच्या पेट्या घेऊन तुळजापुरात देवळाच्या पायऱ्यांखालच्या गल्लीत बसत. महायुद्धामुळे माल थोडा येई आणि आला तरी करोडगिरीच्या जकात नाक्यावर अडकून पडे. अशा दिवसांत एकेक काकण जपायचं, तर ही पोर सकाळी सकाळी फोडायला बसलेली. आणि पडायचीही नेमकी मंगळवारी, देवीच्या वारी! दोन महिन्यांत गल्लीचे दोन तट पडले. निम्म्या बायका म्हणत, देवीचं वारं आहे, आणि लांबूनच हात जोडत. उरलेल्या म्हणत, फेफरं आहे, आणि पदर सावरून निघून जात. तिच्या हाताने बांगडी भरून घ्यायला मात्र दोन्हीकडची एकही तयार नव्हती.

"आजपास्नं कुणाच्या हाताला हात लावायचा न्हाय," बेगमबीने सांगून टाकलं. "माळा ओवायच्या. बस."

सायराबी रडली. पडण्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं, जेवढं याचं वाटलं. हात नुसता दाबून पाहिला की कोणतं माप चढेल हे तिला आईच्या आधी कळायचं. तिला येणारं आणि आवडणारं हे एकच काम होतं.

डोळे पुसून झाल्यावर तिच्या मनात एक वेगळीच गोष्ट आली. आपल्याला काय होतं हे सगळ्या गल्लीने पाहिलंय. पाहिलं नाही ते फक्त आपण.

शेजारी इरम्मा कुंकवाच्या पुड्या विकायची. नळदुर्गाकडची ही म्हातारी कपाळाला विभूती लावून बसे, आणि गल्लीत तिच्या नजरेतून सुटलेलं काही नसे.

"अव्वा, मी पडते तवा काय करते?"

"कशाला इचारतीस गं यव्वा? बगवत न्हाय आमाला."

"तुमाला बगवत न्हाय, मला बगताच येत न्हाय. सांगा की."

इरम्माला इतक्या वर्षांत कुणी एवढ्या आस्थेने काही विचारलं नव्हतं. ती खुलली. "आदी वरडतीस. मग लाकडावानी ताठ. मग हातपाय झाडतीस. म्या कुशीवर वळवते, लाळ भाईर येऊ देते. मग कांदा हुंगवला की उठतीस."

"न हुंगवता बगितलं का कवा?"

हे इरम्माला काय, कुणालाच सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी तिने कांदा मुद्दाम ओच्यात दडवून ठेवला. पोर आपली आपणच, तेवढ्याच वेळात शुद्धीवर आली. तो कांदा इरम्माने दुपारी भाकरीबरोबर खाल्ला.

"आनि दुसरं बी हाय तुजं येक," ती घास चावता चावता म्हणाली. "बोलता बोलता थांबतीस. डोळे उगडे, पापण्या नुसत्या फडफडत्यात. म्या पुडीत पाच चिमट्या टाकंस्तवर परत येतीस."

"मी? कवा?"

"आत्ताच न्हाय का गेलीवतीस! तुला ठावंच नसतंय."

सायराबीला शाळा आठवली. गावातल्या उर्दू मदरशात ती दोन इयत्ता शिकली होती. मौलवीसाहेबांनी नाव पुकारलं, ही समोर बसलेली असून 'हाजिर' म्हणाली नाही, म्हणून छड्या खाल्ल्या होत्या. आपलं नाव कधी पुकारलं हेच तिला कळलं नव्हतं. म्हणजे ते हे होतं तर! तिने त्याला तिथल्या तिथे 'गैरहाजिरी' असं नाव देऊन टाकलं.

तिसरी तऱ्हा तिची तिलाच ठाऊक होती: सकाळचा दचका. तो येतो तेव्हा शुद्ध असते, सगळं दिसतं. हात तेवढे आपले राहत नाहीत. बांगड्या फोडतो तो हाच. ऊन डोक्यावर आलं की तो नाहीसा होतो. मात्र ज्या सकाळी दचक्यावर दचके येतात, त्या दिवशी पडणं आलंच.

हे सगळं जुळलं, तिने ते आईला नावानिशी सांगितलंही, पण मंगळवार काही केल्या उलगडेना. तो उलगडला ढोकीला. मामूच्या घरी निकाह होता, बायकांनी रात्रभर ढोलकीवर गाणी म्हटली, आणि दुसऱ्या सकाळी सायराबीच्या हातून चहाची बशी उडाली. दुपारच्या आत ती पडली. त्या दिवशी शनिवार होता.

"अम्मा, मंगळवारचं काय न्हाय," परतताना ती म्हणाली. "सोमवारी रातभर आपुन बैलगाडीत असतो. झोप न्हाय, त्याचं हाय हे."

"तू काय हकीम लागून गेलीस?" बेगमबी उखडली. पण इरम्माने तोच धोशा लावला, "सोमवारी दिसाउजेडी या. माज्या वसरीवर निजवा तिला. बगा तर खरं." अखेर बेगमबी कंटाळून हो म्हणाली.

त्या मंगळवारी सकाळी सायराबी पोटभर झोपून उठली. हात एकदाच दचकला. उन्हं चढेपर्यंत तिने मुकाट माळा ओवल्या, मग पेटीजवळ येऊन बसली. समोर लक्ष्मम्मा उभी होती, पेठेतल्या वाण्याची बायको. तिने सायराबीकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

बेगमबीला काय वाटलं कोण जाणे. तिने स्वतःच्या मनगटात एकेक बांगडी ठेवून बाकीच्या उतरवल्या आणि उजवा हात लेकीपुढे धरला.

"आदी माज्या हातात भर."

गल्ली थबकली. खाजामियाँ सोलापुरात धडधाकट होता. या मनगटावर काच फुटणं म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

सायराबीने अंगठा आत दुमडला, पंजा चुरला. पहिली बांगडी चढली. दुसरी चढली. तिसरी अंगठ्याच्या बुडाशी आली आणि सायराबीचा हात थांबला. पापण्या फडफडू लागल्या.

"आलं गं बाई तिला! कांदा आणा!" लक्ष्मम्मा मागे सरली. "हात काडून घ्या, बेगमबी!"

बेगमबीने हात काढला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "ही फोडनारी न्हवं. ही गैरहाजिरी हाय. येती आत्ता."

इरम्माने पुडीत एक चिमूट टाकली. दुसरी टाकली. बेगमबीचा हात तसाच, अर्ध्यावर अडकलेल्या बांगडीसकट, लेकीच्या बोटांत होता.

पाचवी चिमूट पडली. सायराबीची नजर खाली आली आणि तिने भुवया आखडल्या.

"अम्मा, हात ढिला सोड की," ती म्हणाली. "किती ताठ धरलाय!"

बेगमबीने हात सैल सोडला. बांगडी सरकन वर गेली.