राखाडी ठिपक्याचे एकोणीस दिवस

सूचना, मसुदा पहिला: लाल पट्टी. «नवी आवृत्ती आली आहे. आत्ताच अपडेट करा!» टिंग.

दिवसातून चारदा टिंग. विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं ते ॲप. शेतकरी वैतागून काढूनच टाकायला लागले.

सूचना, मसुदा दुसरा: मजकूर नाही. आवाज नाही. कोपऱ्यात राखाडी ठिपका.

हा अनिसचा. तक्रारी थांबल्या. कारेगावच्या ऑफिसात त्याच्या नावानं केक कापला.

मग एक दोष सापडला. मोबाईलवरून बंद केलेली मोटार, लाईट जाऊन आली की आपोआप चालू व्हायची. दुरुस्ती झाली, अपडेट निघालं; खूण तोच राखाडी ठिपका. ऑफिसातल्या मोनालीनं विचारलं, “याला तरी आवाज देऊया का?”

“कशाला लोकांच्या डोक्याला ताप?” अनिस म्हणाला होता.

एकोणीस दिवसांनी, ठिपका तसाच असताना, मांडवगण फराट्याचे पोपटराव आबा मोबाईलवरून मोटार बंद करून पंपाला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट आवळत होते. लाईट गेली. आली. उजव्या हाताची दोन बोटं.

सूचना, मसुदा तिसरा: «आबा,

पुढं सुचेना. अनिसनं गाडी काढली.

पोपटरावांच्या ओसरीवर त्यांच्या बायको झुंबरबाई लसूण सोलत होत्या. आतून पोपटरावांचा खोकला.

“मामी, आबा कसे हायेत?”

“कसे असायचे? मोबाईल आला तवापासनं फ्यूज काढायचं जिवावर यायचं ह्यांच्या. आता भाकरी मोडाय मी लागते.” त्यांनी आवाज चढवला, आत जाईल एवढा. “लई शहाणे!”

“माझंच चुकलं, बाई,” आतून आवाज आला. “किती डाव म्हणू?”

अनिसपुढं चहा आला. पिऊन उठता आलं असतं. फ्यूज त्यांनीच काढला नव्हता; कुणी काही विचारलंही नव्हतं.

“मामी, आबांचं न्हाई चुकलं.” त्यानं कप खाली ठेवला. “मोबाईलच्या ॲपात खोट हाय, आमाला म्हाईत होतं. सुधारून पाठवलं बी होतं. पर त्यांना कळंल असं सांगितलं न्हाई. सांगायचं न्हाई, ह्ये मी ठरवलं.”

“का रं?”

“लोकं वैतागत्यात म्हणून.”

झुंबरबाईंची बोटं लसणावर थांबली. शिवी येईल म्हणून अनिसनं मान खाली घातली.

“महिना झाला, रोज बोलतीया मी त्यांना,” त्या हळू म्हणाल्या.

मग सूप बाजूला सारून दारात गेल्या.

“अहो, भाईर या. आन् अनिस, तू बस. आत्ता जे मला सांगितलंस, ते त्यांच्या तोंडाकडं बघून सांग.”

पोपटराव डाव्या हातानं चौकट धरून बाहेर आले. अनिसनं वर बघितलं.